एका वेळी एकच पाटी

हॅलो?… हॅलो, हां, बोल… नाही गं, फुटलं नाही काही. झाकण पडलं. एवढं गप्प घर, आणि फोन घ्यायला वळले तर कोपर लागलं. बघ, अजून गरगर फिरतंय फरशीवर… ऐकू येतंय ना?… थांब, पाय ठेवते… हं. थांबलं.

हळू बोल फक्त. आमची मुंगी झोपलीय… नाही, नाही उठली. कूस बदलली नुसती.

बोल लंबूच्या आई, काय म्हणतो तुझा लंबू?… पाटी? अगं, राहू दे की. ही उठेपर्यंत तुमचीच पाळी आहे. एवढ्यात कशाला बंद करतेस?… हो, हो… अगं ऐक ना, ही उठली की मी मिस्ड कॉल देते, नेहमीसारखा. मग तू तुझ्या टॅबवरची बोलकी पाटी बंद कर, मी इथे उघडते. तोवर बोलू दे त्याला.

काय?… काय म्हणाला?

'नको'?… लंबू 'नको' म्हणाला? कुणाला?… सासूबाईंना?

अगं बाई!… थांब, थांब, नीट सांग. दुधाचा पेला घेऊन आल्या त्या… हं… आणि ह्याने सरळ बोट नेलं?… शोधलं नाही? थेट वरच्या कोपऱ्यातल्या चित्रावर?… आणि पाटीतून आवाज आला, 'नको'…

मग?… रडल्या? नातू दूध नको म्हणाला म्हणून सासूबाई रडल्या?… मला हसवू नकोस, ही उठेल… आणि परत पेला पुढे केला? मुद्दाम? नुसतं ऐकायला?… आणि तो परत 'नको'… आणि सासरे बाहेरून आले आणि म्हणाले, मलापण म्हण एकदा… अगं, तुमच्या घरात आज दुसरं काही काम झालं की नाही?

छान झालं गं. फार छान झालं. मुंगी आधी 'अजून' शिकली. 'नको' म्हणायला तिने किती दिवस घेतले, तुला माहितीय. आपल्या स्पीचच्या बाई म्हणतात ना, मागायला सगळेच शिकतात, नाही म्हणायला पोरात थोडा माज यावा लागतो… हो ना, आला माज! येऊ दे.

…

नाही, माझ्या आवाजाला काही झालं नाही… झोप नाही झाली, एवढंच… अगं नाही… बरं. हो. आहे काहीतरी. संध्याकाळी सांगणार होते. तेवढ्यात तुझाच फोन आला, आणि तू हे 'नको' सांगितलंस, मग मला कुठून सुरू करावं तेच सुचेना.

तुझ्या टॅबवर काही निरोप आला का? पाटी उघडताना, पिवळी चौकट… आला होता? मग काय केलंस?… फुलीवर बोट ठेवलंस. बरोबर आहे, मीपण आधी तेच केलं.

त्यात लिहिलंय की हे लायसन्स एका टॅबसाठी आहे, आणि ते दोन ठिकाणी वापरलं जातंय असं दिसतं… हो. कळलं त्यांना… कसं म्हणजे? पाटी उघडली की ती दर वेळी गुपचूप वर विचारते, उघडू का म्हणून. कधी तुझ्या घरून विचारते, कधी माझ्या. वरच्याला एवढं तर कळणारच… वरचा म्हणजे देव नव्हे गं! कंपनीचं मशीन.

तर आज ऑफिस बंद व्हायच्या आत सांगायचंय, खरा टॅब कोणता ते. तो चालू राहील. दुसरा कायमचा बंद… हो, कायमचा… काहीच नाही सांगितलं तर दोन्ही.

…

हॅलो?… आहेस ना?

अगं, तू कशाला माफी मागतेस? लायसन्सचा नंबर मी दिला तुला. स्पीचच्या वर्गाबाहेरच्या बाकावर, तू मागितलाही नव्हतास. तुझा लंबू मुंगीच्या पाटीवर वाकून बोट ठेवत होता, आणि तू त्याचा हात मागे ओढत होतीस, दुसऱ्याची आहे राजा, दुसऱ्याची आहे, म्हणत. मला बघवेना. म्हटलं, ही झोपते, शाळेत असते, तेव्हा ही पाटी नुसती पडूनच असते की. आणि एकीकडे बंद केली की दुसरीकडे उघडते, हे मला माहीत होतं… ती सोय टॅब बिघडला तर म्हणून ठेवलेली. मला वाटलं, एका वेळी एकच उघडतोय ना आपण, मग नियम कुठे मोडतोय? हुशारी माझी, दुसरं काय.

…

विकत घेतलीय, हो… नाही ना, तीच तर गोष्ट आहे. विकत म्हणजे तसं विकत नाही. पातेलं आणलं की पातेलं आपलं. शेजारी दे, त्याला पोचा पाड, त्यात झाड लाव, पातेलंवाला बघायला येत नाही. ही पाटी आपली झालेलीच नसते. ती त्यांचीच. आपल्याला वापरायची परवानगी मिळते, बस्स. तिकीट काढून थेटरात बसतो ना, तसं. खुर्चीवर बसा, खुर्ची घरी नेऊ नका… हो, आणि मांडीवर दुसऱ्याचं पोर घेऊ नका. अगदी तस्संच!

लिहिलेलं असतं ना. सुरुवातीला ते 'मान्य आहे' दाबतो बघ, त्याच्या वर… तू वाचलंस कधी? कुणी वाचतं का? मी आत्ता वाचलं, मुंगी झोपली की थोडं थोडं. वकिलाने वकिलाला लिहिल्यासारखं आहे सगळं. नक्कल करायची नाही, कुणाला द्यायची नाही, आत काय आहे ते उघडून बघायचं नाही… हो, बघायचंसुद्धा नाही. ती कशी चालते ते त्यांचं त्यांनी राखून ठेवलंय.

ते पण विचारलं. लंबूच्या नावावर करून मुंगीसाठी दुसरं काही बघू का, ते पण विचारलं मी… नाही येत. नावावर करता येत नाही. कुणाच्याच नाही… अगं, असं काय बोलतेस, मला त्यात काही मोठेपणा नाही. सुचेल ते सगळं विचारलं मी, एवढंच.

कंपनीतच फोन केला होता. एक मुलगी बोलली. लहान असावी, आवाजावरून. तिला पहिल्यापासून सांगितलं. म्हटलं, माझी मुलगी ऐकते, समजते, हसते, भांडते, फक्त तोंडातून शब्द येत नाही. तुमच्या पाटीवर चित्रांचे चौकोन आहेत, ती बोट ठेवते, पाटी बोलते. आणि आमच्याच वर्गात एक मुलगा आहे, तोही असाच… छे, नाव कशाला सांगू? वेडी आहेस का!

ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, मॅडम, मला कळतंय, पण एका लायसन्सवर एकच टॅब. म्हटलं, मग दुसरं लायसन्स द्या, आज घेतो. तर म्हणाली, ही पाटी आम्ही आता विकत नाही. नवीन निघालीय, ती घ्या… हो ना, मीपण तुझ्यासारखीच खूश झाले. लगेच म्हटलं, द्या. तर तिच्यात आपली भाषाच नाही… नाही. अजून नाही. कधी येईल ते माहीत नाही.

शिव्या देऊ नकोस तिला. तिच्या हातात काय आहे? शेवटी म्हणाली, मी वर कळवते… हो, तोच वरचा.

बाईंनापण विचारलं. त्यांना वर्गासाठी म्हणून एक मिळालेली आहे, जुनी. पण ती वर्गातल्या टॅबवरच चालते. घरी न्यायची नाही… बरोबर. तुझा लंबू काय फक्त वर्गात बोलणार? दूध तर घरी येतं पुढ्यात.

…

नाही, मी त्यांची बाजू नाही घेत. पण कुणीतरी बसून ती चित्रं काढलीत गं. कुणीतरी एकेक शब्द बोलून दिलाय. त्यावर कुणाचं घर चालत असेल. तेवढं मला समजतं. फक्त विकतही नाही आणि वापरूही देत नाही म्हणतात, तिथे माझं डोकं थांबतं.

थांब हं… नाही, मुंगीच. पांघरूण लाथाडलं… झोपली परत.

भाऊजींना? हो, विचारलं ना. आमच्या ह्यांचे धाकटे, कॉम्प्युटरचं काम करतात ते. ते तर लगेच तयार. म्हणाले, वहिनी, कुलूप तोडून देतो, वर विचारणारच नाही ती… होतं म्हणे तसं. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण कुलूप तोडलेली पाटी एखाद दिवशी अपडेट मागते आणि गप्प बसते, मग कुणाकडे जायचं? कंपनीला फोन करायला तोंड राहत नाही. मिक्सर बिघडला तर हाताने वाटता येतं. हिची पाटी बिघडली तर…

हो. म्हणूनच. तिच्या बोलण्याशी मी जुगार नाही खेळणार. तूही खेळली नसतीस, माझ्या जागी.

नाही, ऐक… नाही, तू आधी ऐक… अगं ऐक ना! असं पटकन 'आमची बंद कर' म्हणू नकोस. तू म्हटलंस की मला हो म्हणणं फार सोपं जातं.

…

मी एक केलंय. तुला न विचारता केलंय, रागावू नकोस.

दुसरी एक पाटी आहे. कंपनीची नाही… कुणाची म्हणजे, कुणा एकाची नाहीच. चारचौघांनी मिळून बनवली आणि सोडून दिली. घ्या, वापरा, वाटा, आत बघा, पाहिजे ते बदला… नाही गं, फसवाफसवी नाही. लायसन्स तिलाही आहे. पण त्यात काय काय करता येईल ते लिहिलंय… वाचलं की. एवढंसं आहे. वाचून संपलं तर मी पुढचं पान शोधत बसले.

लंबूसाठी मांडून ठेवलीय. सगळं जागच्या जागी. 'नको' वरच्या कोपऱ्यात, 'पाणी' डावीकडे, 'गाडी' मधोमध… मग, जागा बदलल्या तर त्याचं बोट चुकेल ना. आपण अंधारात दिव्याचं बटण चाचपतो का? हात थेट जातो. तसंच आहे ह्यांचं… नाही, जुनी पानं उचलून नेता येत नाहीत. कंपनीची फाइल कंपनीच्याच पाटीत उघडते, दुसरीकडे नुसती अगम्य अक्षरं. म्हणून एकेक चौकोन हाताने बसवला. आणि त्यांची चित्रं नाही घेतली, ती त्यांची आहेत. फोटो लावले. तू मला पाठवत असतेस ना, त्यातलेच. लंबूचे बूट, त्याच्या बाबांची स्कूटर, सासूबाई… हो, पेल्यासकट! तुझ्याकडे त्यांचा पेल्याशिवाय फोटो आहे का एक तरी?

केव्हा म्हणजे? ही झोपते तेव्हा. एक हात हिच्या पाठीवर, एक टॅबवर… रडू नकोस गं. अजून खरी अडचण सांगायचीय.

ह्या दुसऱ्या पाटीला आवाज नाही… म्हणजे आहे, पण आपली भाषा बोलायला लागली की… परवा 'पाणी' म्हणाली, मला वाटलं कुणी शिंकलं… अगं खरंच! ह्यांनी आतून विचारलं, सर्दी झाली का म्हणून. तर आवाज आपल्याला भरावा लागेल. एकेक शब्द बोलायचा आणि त्या त्या चौकोनात ठेवायचा… तू नको. तू बोललीस तर 'आई, इकडे ये' हे तो तुझ्याच आवाजात म्हणेल. दिवसभर स्वतःच स्वतःला हाका मारत बसशील… तुझ्या ताईचा मुलगा आहे ना, लंबूएवढाच? तो चालेल. घसा बसला नसेल तेव्हा आण.

लागतील. काही आठवडे सहज लागतील. मूल ते, दहा शब्द बोलेल की पळेल खेळायला. मग परत धरून आणायचं… हो… तोवर नाही. तोवर लंबूकडे काहीच नाही.

…

हं.

…

मीपण तोच विचार करतेय मघापासून. नेमकं आजच 'नको' म्हणाला.

पुठ्ठ्यावर चित्रं काढून दे ना तोवर. तो बोट ठेवेल, तू वाच… हो, माहितीय. तू समोर असलीस तरच. तू पाठ फिरवलीस की संपलं. बरोबर आहे. पुठ्ठा काही हाक मारत नाही.

…

उठली बघ. ये, ये… लंबूची आई आहे फोनवर… ये मांडीवर. पाटी हवी? थांब हं थोडं… काही नाही गं, टॅब ओढतेय माझ्या हातातून. 'दुसरीकडे वापरात आहे' दिसतंय तिला… नाही, नाही, तू घाई करू नकोस. ऑफिस बंद व्हायला वेळ आहे. बोलू दे त्याला. काय करतोय?

खिडकीत?… 'गाडी'… परत 'गाडी'… आली का गाडी?… नाही? रस्ता रिकामा?… मग असंच. बोलायचं म्हणून बोलतोय. आपण दोघी रोज दुसरं काय करतो?

करू दे. मी थांबते.

…

हिचे कान इकडेच आहेत. सगळं ऐकतेय. डोळे बघ कसे… नाही, रडत नाही. वाट बघतेय.

त्याला काय सांगणार आहेस?… दुरुस्तीला दिली म्हणून?… हं… हो, मग तो रोज विचारेल, झाली का, झाली का. आणि विचारणार तरी कशाने… खरं सांगू म्हणतेस? सांग. खरंच सांग. फक्त ते लहान मुलाला कसं सांगायचं ते मला विचारू नकोस, मी मघापासून तुला मोठीला सांगतेय तर माझी दमछाक झाली.

…

नक्की?… अगं, अजून थोडा वेळ… बरं. बरं बाई. नाही, तू दुसरं काही दाबू नकोस, फक्त बंद कर. पुढचं मला इथून करायचंय.

झाली बंद?

…

रडला?… नाही?… काय करतोय मग?… उलटा केला टॅब… मागे बघतोय? मागून शोधतोय…

जवळ घे त्याला. फोन ठेव बाजूला, मी आहे इथेच. घे.

…

हं… हो, आहे… घेतलंस ना? बरं.

आता मी उघडतेय. आली पिवळी चौकट. दोन टॅब दाखवतेय, खाली बटण आहे. 'हा टॅब माझा आहे.' असंच लिहिलंय गं… माझा म्हणे.

…

तू म्हण ना दाब म्हणून… हो… हो, दाबते.

…

दाबलं.

काही नाही, नेहमीसारखीच उघडली. जशी काल होती तशीच… कंपनी आभार मानते म्हणे. असं लिहून आलंय.

उद्या ये. ताईच्या मुलाला घेऊन ये, लंबूला पण आण. दुपारी इथे कुणी नसतं, आवाज स्वच्छ भरेल. आपण आधी 'नको' भरू. मग 'आई'… बरं, आधी 'आई' भरू, मग 'नको'. लगेच भांडायला लागलीस!… हस, हस. हसलीस तेवढं बरं वाटलं.

घे गं बाळा, घे. तुझी पाटी… थांब, ठेवू नकोस फोन, काहीतरी म्हणतेय ही… ऐकलंस? 'लंबू' म्हणाली… हो बाळा, लंबूचीच आई आहे… बोट फिरतंय अजून. दुसरं काहीतरी शोधतेय…

'चूक'.

… नाही, काही सांडलं नाही इथे. हा चौकोन एरवी स्वतःसाठीच दाबते ती. भिंतीवर रेघोट्या मारते आणि मी खडू काढून घेते, तेव्हा… माहीत नाही गं, आत्ता का… थांब. अजून एक दाबतेय.

'काय'.

…

अगं, ती विचारतेय मला. लंबूने काय चूक केली.

…

हॅलो?… हो, आहे… नाही, अजून काही नाही सांगितलं… बघतेय माझ्याकडे. परत तेच दाबतेय बघ. 'लंबू'… 'चूक'… 'काय'…